डब्याचं निमित्त

दवाखान्यात पहिल्यांदाच एक बाई डॉक्टर रुजू झाली आणि मोठ्या डॉक्टरांच्या बायकोची झोप उडाली. नवरा रोज जेवताना त्या बाईचेच गोडवे गायचा. शेवटी एका दुपारी डब्याचं निमित्त करून बायको दवाखान्यात जाऊन थडकली.

बाळंतिणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. नुकतंच जन्मलेलं बाळ निळं पडलं होतं, रडत नव्हतं. बाई डॉक्टर त्याच्या इवल्याशा तोंडात हलकेच श्वास फुंकत होती. आणि घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात मागणारा नवरा तिच्या शेजारी टॉवेल धरून मुकाट उभा होता. बाळानं टाहो फोडला, तशी बायको डबा दारातच ठेवून घरी परतली.

संध्याकाळी तिचा उतरलेला चेहरा पाहून नवरा हसला.

"जळतेस ना तिच्यावर?"

"हो. फार जळते."

"अगं वेडे, माझ्या मनात तसलं काही नाही."



"तुमचं मन राहू द्या हो बाजूला. मेडिकलला लग्न झालेल्या बाईला घेतात का, तेवढं उद्या तिला विचारून या."