घुबडाचा उजवा डोळा

घुबडाचा डावा डोळा झक्क पेटला होता आणि उजवा काही केल्या पेटत नव्हता. वायरमनने सोल्डरचा डाग तिसऱ्यांदा काढला, तिसऱ्यांदा दिला, बोट भाजून घेतलं आणि बटण दाबलं. डावा पेटला. उजवा ढिम्म.

“घुबड डोळा मारतंय,” त्याची लेक म्हणाली. पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधलेले, टेकलं की दुमडायचे, म्हणून ती खुर्चीच्या टोकावर अवघडून बसली होती.

“तू गप्प बस जरा.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. एक वाजत आला होता. दोनला त्याची ड्युटी, तीनला शाळेत तिचं नाटक, त्यात ती घुबड. साहेबांनी सुट्टीला साफ नकार दिला होता, तिची आई सकाळीच कामावर गेली होती, आणि शेजारच्या मावशी आपल्या मुलीबरोबर हिलाही घेऊन जाणार होत्या. नाटकाला घरचं कोणीच नसणार, हे त्याने काल लेकीला सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा त्याने छाती ठोकून सांगून टाकलं की अख्ख्या शाळेत कोणाचे नसतील असे पेटते डोळे मी तुझ्या मुखवट्याला करून देतो. आता निदान ते तरी पेटायला हवे होते.

सामान सगळं घरातलंच. बंद पडलेल्या टॉर्चमधले दोन बारके दिवे, वजनकाट्यातला चपटा सेल, औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं, त्यांवर चॉकलेटचा पिवळा कागद. त्याने वायर तपासली, सेल पुसला, स्वतःला दोन शिव्या हासडल्या. मोठमोठ्या इमारती उजळून देणारा माणूस, आणि हा वाटाण्याएवढा दिवा त्याला भीक घालत नव्हता.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. घरातल्या बल्बला कोणतीही वायर कुठेही जोडा, तो पेटतो. वीस वर्षं हाताला तीच सवय. या बारक्या दिव्यांचं तसं नसतं. त्यांचा एक पाय लांब असतो, एक आखूड, आणि लांब पाय सेलच्या अधिक बाजूलाच जोडावा लागतो. याने कामाला बसल्या बसल्या चारही पाय टापटिपीने सारखे कापून टाकले होते. डावा पेटला तो नशिबाने.

चरफडत त्याने उजव्याचे पाय उलटे जोडले. बटण दाबलं. पेटला. झाकणं त्याने घाईघाईने मुखवट्यावर चिकटवली आणि मुखवटा लेकीच्या तोंडावर बांधला. ती खुर्चीवरून उठली, हात पुढे करून दोन पावलं चालली आणि टेबलावर आदळली. खिळ्यांचा डबा खाली सांडला.

“पेटलेत ना दोन्ही?” तिने विचारलं.

“पेटलेत.”

“मला काहीच दिसत नाहीये.”

त्याने कपाळावर हात मारला. दिव्यांच्या नादात झाकणं त्याने नेमकी बघायच्या भोकांवरच बसवली होती. दोन मिनिटांचं काम आहे, खाली नवी भोकं पाडतो, असं पुटपुटत त्याने ब्लेड उचललं. लेक मागे सरकली. मुखवटा तिने दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट दाबून धरला.

“आण इकडे. मला उशीर होतोय.”

“नको पाडूस भोकं. मी अशीच जाते. तू हात धरून ने मला.”

“अगं, मावशी आहेत ना न्यायला.”

दोन पिवळे डोळे त्याच्याकडे वळले.

“त्या त्यांच्या मुलीचा धरतील.”