वाचून दाखवलेला कायदा

कासरीन शहराच्या पोलीस ठाण्यात मबरूकाने आपला फोन हवालदार नौफलसमोर धरला. "पोरा, पोलिसांचे कायदे आता इंटरनेटवर सगळ्यांना बघायला ठेवलेत म्हणे. भाचीने अटकेचा कायदा यात काढून दिला नि ती कामावर पळाली, पण मला मेलीला अक्षर येत नाही. तूच वाच."

"मावशी, कायदा म्हणजे काय बाजारातली हरिसा चटणी आहे, चाखून बघायला?"

"माझा लेक साबर परवापासून आत कोठडीत आहे. चाखू तरी दे."

नौफल हसला आणि वाचू लागला. अटकेची मुदत त्याने वाचली, वकिलाविषयीचे वाक्यही वाचले. त्याखाली लिहिले होते, की घरच्यांनी मागणी केल्यास आरोपीला डॉक्टरांना दाखवावेच लागेल. आत साबरच्या पाठीवरचे वळ अजून ताजे होते. नौफलने ते वाक्य गाळून पुढचे कलम वाचायला घेतले.

"डॉक्टरचं काहीच नाही का रे त्यात?"

"नाही, मावशी."

"नसेल, तर काय करणार!" तिने फोन शालीत गुंडाळला. "दुसऱ्या कुणी दारातूनच हाकललं असतं. तुला वाचायला शिकवणाऱ्या आईबापांवर अल्लाची कृपा राहो."

नौफलला मान वर करता येईना. तोवर दाराशी पोहोचलेली मबरूका बाहेर उन्हात ताटकळणाऱ्या बायकांना हाक मारत होती, "या गं, आत या! या पोराकडून वाचून घ्या. हा खरं सांगतो."