बुरुल-आपाचा पेशंट

हात सुधारावा म्हणून दिलेला रबरी चेंडू बुरुल-आपानं पुन्हा खिडकीबाहेर भिरकावला. या खेपेला तो जर्दाळूखाली चरणाऱ्या मेंढीला लागला.

"डाव्या हातानं फेकला," ती डॉक्टर झूराला म्हणाली. "उजवा चालत असता तर तुलाच मारला असता."

झूरा हसली. इसिक-कुल सरोवराकाठच्या त्या आरोग्यधामात असे टोमणे खायची तिला सवय होती.

अर्धांगाच्या झटक्यानं बुरुल-आपाचा उजवा हात ओंडक्यासारखा झाला होता. उभ्या पंचक्रोशीतली लग्नं जिच्या कोमुझशिवाय लागत नसत, ती बाई आता त्या तीन तारांच्या वाद्याकडे बघतसुद्धा नव्हती. मुलानं आणून ठेवलेला कोमुझ पलंगाखाली धूळ खात होता. हात असाच राहिला, तर मुलगा तिला बिश्केकला आपल्या फ्लॅटवर नेणार होता.

"सातव्या मजल्यावर!" आपा म्हणायची. "मी काय कबूतर आहे?"

"चेंडू राहू द्या, आपा," झूरा म्हणाली. "मलाच तुमची मदत हवीय. पलीकडे सोपूबेक-आके म्हणून एक गृहस्थ आहेत. तोंडातून शब्द काढत नाहीत. मुलीचं लग्न तोंडावर आलंय. व्याह्यांसमोर बापानं आशीर्वाद द्यायचा, आणि घरच्यांना धास्ती पडलीय."

"मग मी काय त्यांची जीभ ओढू?"

"वाजवा त्यांच्यासाठी. शब्दांना जमत नाही ते कधी कधी सुरांना जमतं."

"या असल्या हातानं?"

"ते थोडेच नावं ठेवणार आहेत?"

हे आपाला पटलं.

सोपूबेक-आके पॉप्लरच्या सावलीत बाकावर बसले होते. गवताच्या गंजीसारखा देह, झुपकेदार मिशा, डोक्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पांढरी टोपी. आपानं कोमुझ मांडीवर घेतला आणि तारा छेडल्या. बादलीत डाव पडावा तसा आवाज झाला. म्हातारबांचे गाल फुगले, चेहरा लालबुंद झाला, मिशा थरथरल्या.

'बिचारा!' आपाला वाटलं. 'बोलायला केवढा धडपडतोय!'

दुसऱ्या दिवशी झूरानं त्यांच्या हाती मोरचंग दिलं. लोखंडाचं ते इवलंसं वाद्य दातांशी धरून त्यांनी बोटानं छेडलं आणि तिथून दोघांचं जमलं. म्हणजे भांडण जमलं.

आपानं उंटाची संथ चाल वाजवली. हाताला झेपेना, उंट मध्येच अडखळला. सोपूबेक-आकेंनी मोरचंगावर बकरी ओरडवली, अगदी हुबेहूब. नर्सा तोंडावर हात धरायचं विसरून खो खो हसल्या.

"मला बकरी म्हणता?" आपा कडाडली. "तोंड उघडत नाही, पण टवाळी बरी जमते!"

ती तरातरा खोलीत गेली, दार लावलं आणि घामाघूम होईपर्यंत तोच उंट चालवत बसली. सकाळी बाकावर येऊन तिनं तो न अडखळता सरोवराच्या काठापर्यंत नेऊन उभा केला. सोपूबेक-आकेंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. झटक्यानंतर पहिल्यांदाच आपाला कुणी असा मान दिला होता. ती मान वळवून उगाच मेंढ्या बघत बसली.

मग रोजच बैठक होऊ लागली. वाजवता वाजवता ती त्यांना सुनेच्या, शेजारणींच्या, गायीच्या सगळ्या कागाळ्या सांगे. ते ऐकत. मध्येच गाल फुगत, चेहरा लाल होई.

"असा नवरा घरोघरी हवा," ती नर्सांना सांगायची. "बसतो, ऐकतो, मध्ये बोलत नाही."

एकदा मात्र तिनं आपल्या गेलेल्या नवऱ्याची आवडती धून धरली. गुरं घेऊन तो डोंगरावरून उतरायचा तेव्हा ती अंगणात हीच धून वाजवत बसायची. अर्ध्यावर तिचा हात थांबला. आजारानं नव्हे. सोपूबेक-आकेंनी तिच्याकडे न बघता मोरचंग ओठांशी नेलं आणि राहिलेली धून हळूहळू डोंगर उतरवून अंगणात आणून सोडली. त्या दिवशी आपानं एकही कागाळी सांगितली नाही.

तिच्या लक्षातही आलं नाही, पण ती आता उजव्या हातानं पाव कापत होती, वेणी घालत होती. तिचा सगळा जीव त्या न बोलणाऱ्या माणसात अडकला होता. "एक शब्द," ती झूराला म्हणायची, "लेकीसाठी एक शब्द बोलू दे, मग मला सातव्या मजल्यावर काय, छपरावर नेऊन ठेवा."

शेवटी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. आपानं आपली सगळी विद्या पणाला लावून लग्नघरची धून वाजवली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आके, लेक समोर उभी आहे. आशीर्वाद द्या तिला. नुसतं ओठ हलवा!"

सोपूबेक-आकेंनी डॉक्टर झूराकडे पाहिलं. झूरानं होकारार्थी मान हलवली. त्यांनी दोन्ही तळवे वर केले, घसा खाकरला आणि पॉप्लरवरचे कावळे उडतील अशा खणखणीत आवाजात आशीर्वाद दिला: "तुझी चूल विझू नये, पोरी, आणि तुझ्या दारातून कुणी उपाशी जाऊ नये!"

"बोलला!" आपानं टाळ्या पिटल्या. "माझा पेशंट बोलला!"

"तुझा पेशंट?" सोपूबेक-आके गरजले. "बाई, पेशंट तर तू माझी! डॉक्टर म्हणाल्या, पुरुषाचा आवाज कानी पडला की हिचा हात आखडतो, तिला बरं करायचं तर गप्प बसून साथ द्या. तुझ्या त्या उंटापायी जीभ चावून चावून फोड आले मला! झाली ना ही बरी, डॉक्टर?"

आपा आपला उजवा हात उलटसुलट करून बघू लागली. मुलीनं मात्र झूराला हळूच बाजूला घेतलं.

"आणि बाबांचं ब्लडप्रेशर?"

"उतरलं की," झूरा म्हणाली. "इतके दिवस कुणावर ओरडलेच नाहीत ना."