एकास नऊ

पास्को बाईंनी याही शनिवारी गावच्या हॉलमध्ये सोडतीच्या टेबलासमोरच खुर्ची टाकली आणि विणकाम बाहेर काढलं. टॅम्सिननं तिकिटांचं पुस्तक मिटलं.

"झालं! आता कोण घेतंय तिकीट," ती डेन्झिलच्या कानाशी पुटपुटली. "त्यांनी नुसतं बघितलं तरी लोकांची पाकिटं परत खिशात जातात."

खरंच होतं ते. निम्मं गाव लहानपणी रविवारी चॅपेलमध्ये बाईंकडेच बायबल शिकलं होतं. जुगार म्हणजे जुगार, मग तो लॉटरीचा असो नाहीतर केकच्या सोडतीचा, हे त्यांनी सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

हॉलचं छप्पर मात्र गळत होतं. राष्ट्रीय लॉटरीच्या नफ्यातून गावांना मदत देणाऱ्या निधीतून नव्या छपराचे पैसे मिळण्याजोगे होते, पण दहावा हिस्सा गावानं उभा करायचा होता. हॉलच्या समितीचा अध्यक्ष डेन्झिल. वर्षभर त्यानं केक विकले, प्रश्नमंजूषा घेतल्या, लोकांच्या गाड्या धुतल्या. पण गाव मच्छीमारांचं, त्यात मासळी कमी झालेली. दर वेळी तीच माणसं, तेच खिसे. अजून बाराशे पौंड कमी पडत होते आणि सोमवारी मुदत संपत होती.

शेवटी तो धीर करून बाईंसमोर उभा राहिला.

"बाई, आजच्या दिवस खुर्ची जरा चहाच्या टेबलाकडे घ्याल का?"

"का रे? माझ्यासमोर लाज वाटते?"

"हो, वाटते! पण सोमवारी अर्ज गेला नाही तर हॉलला कुलूप. पोरांचा बँड बंद, तुम्हा म्हाताऱ्या मंडळींचं इथलं शुक्रवारचं जेवण बंद."

"म्हणून गावाचा पैसा लॉटरीवाल्यांच्या घशात घालायचा?"

डेन्झिल बघतच राहिला. "त्यांच्या घशात? अहो बाई, तिकडे एक पेनीसुद्धा जात नाही! आपण एक पौंड उभा केला की ते नऊ देतात. आपल्याला!"

सुया थांबल्या.

"एकास नऊ?"

"एकास नऊ."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर आपले पैसे आपल्यापाशी."

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. मग किती कमी पडतात ते विचारलं, पिशवीतून चेकबुक काढलं आणि मांडीवरच चेक लिहिला. टॅम्सिनचं तोंड उघडंच राहिलं.

"बाई, तुम्ही?" डेन्झिल म्हणाला.

"माझे वडील असंच एकास नऊ म्हणत शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावायचे," बाई म्हणाल्या. गावात आजवर कुणी हे ऐकलं नव्हतं. "आधी बोट गेली, मग घर. आई हॉटेलच्या चादरी धूत म्हातारी झाली. त्या जुगारवाल्यांनी आमचं सगळं नेलं, डेन्झिल. आता थोडं परत येत असेल तर येऊ दे की."

त्यांनी चेक फाडून त्याच्या हातात दिला. खूप दिवसांनी हसल्या.

"पावती तुमच्याच नावानं करू ना?" त्यानं विचारलं.

"नको. वडिलांचं नाव लिही, जॅगो पास्को. बिचाऱ्यांना जन्मात कधी काही लागलं नव्हतं."