हम्मादभाईचा जनाजा
एकाहत्तरच्या युद्धात हम्मादची युद्धनौका बुडाली. वीस वर्षांच्या त्या नौसैनिकाचं शव कधीच सापडलं नाही. "माझा पोरगा येईल," म्हणत आईने शेवटपर्यंत जनाज्याची नमाज, मृतासाठीची अखेरची प्रार्थना, होऊ दिली नाही. यंदा त्याची धाकटी बहीण जुबेदा रत्नागिरीहून लेकीकडे जेद्दाला आली आणि दोघी मक्केला गेल्या. असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज संपताच भोंग्यावर जनाज्याच्या नमाजेची पुकार झाली. "कुणाची मय्यत, समरीन?" "माहीत नाही, अम्मी. इथे सगळेच उभे राहतात, बायकासुद्धा." जुबेदा गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग मी हम्मादभाईलाही मनात धरते. चालेल?" "आपल्यात चालतं, मय्यत समोर नसली तरी." थोड्याच वेळात इमामांनी सलाम फेरून नमाज संपवली. "झाली?" "झाली, अम्मी." बाहेर येताना जुबेदा म्हणाली, "तुझा मामू फार देखणा होता." घरात आजवर कुणीच त्याच्याबद्दल 'होता' म्हटलं नव्हतं. मग तिने हसून विचारलं, "जेवायला कुठे नेतेस?"