कारण: चवीनुसार

"देवाच्या खालोखाल खोटं न बोलणारी वस्तू जगात एकच, गिट!" सोमशेखर अप्पांनी आपल्या शेंगाचटणीच्या दुकानात भर सकाळी जाहीर केलं आणि मग सुनेला हळूच विचारलं, "हे चालू कुठून होतं गं?"

सिद्धेश्वरीने लॅपटॉप उघडला. चटणीच्या कृतीची फाइल तिनेच गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवली होती. एक प्रत दुकानात, एक मोडनिंबच्या शाखेत, एक तिच्याकडे; तिन्हीकडे पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास. काय बदललं, कधी, का.

समोर विजयमालाबाई परत आणलेला पुडा घेऊन बसल्या होत्या. "वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी. चटणी म्हणून मीठ विकता व्हय?"

"आज चोर सापडणार, बाई. बसा तुम्ही."

सिद्धेश्वरीने दोन वर्षांपूर्वीची फाइल आणि आजची शेजारीशेजारी लावली. "लाल ओळ गेलेली, अप्पा. हिरवी आलेली."

शेंगा तेवढ्याच, लसूण तेवढाच, तिखट तेवढंच. मीठ मात्र लाल शंभर ग्रॅम, हिरवं दोनशे. मधल्या नोंदी एकशेवीस, दीडशे, एकशेऐंशी. प्रत्येकीपुढं कारण एकच: चवीनुसार.

"कुणाच्या?" अप्पा गरजले.

सिद्धेश्वरीने चटणी कुटणाऱ्या मल्लप्पाकडे पाहिलं. मल्लप्पाने उखळाकडे. उखळाला पाहायला कुणी नव्हतं.

तीस वर्षं मल्लप्पा कुटत होता आणि अप्पा चाखत होते. अप्पांची पद्धत ठरलेली. घाणा जमला की मान डोलवायची, नाही जमला तर बशी सरकवायची. काय चुकलं ते सांगायचं नाही. कारागिराला कळायला हवं.

"माजीच चूक, मालक," मल्लप्पा म्हणाला.

"काका, तुम्ही कशाला..."

"तू गप की, पोरी."

अप्पांचा आवाज जरा चिरकला. "मग उद्यापासून येऊ नकोस. पहिल्या फाइलीबरहुकूम एक घाणा करून दे आणि जा."

मल्लप्पाने कुटलं. मीठ काट्यावर तोललं, शंभर ग्रॅम. विजयमालाबाईंनी चिमूटभर तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "हीच ती! हिच्यासाठी तर येत होते मी."

मल्लप्पाने टोपी चढवली, पिशवी काखेत मारली.

अप्पांनी विजयी मुद्रेने कडक भाकरी मोडली, चटणी लावली, घास घेतला. मग दुसरा घेतला. बराच वेळ चावत राहिले. बशी सरकवली.

"मल्लप्पा," ते म्हणाले, "जाता जाता जरा मीठ दे इकडं."