लाल पट्ट्याची बोट

"मागे नको, इकडे माझ्याजवळ बसा," असुंता म्हणाली आणि सुकाणूच्या डाव्या बाजूची फळी तिने फडक्याने पुसली.

कातेल्लो बसला. बरंच झालं म्हणायचं. लहानपणापासून त्याचा डावा कान बंद. इथून तिचा शब्द न् शब्द ऐकू येणार होता. त्याने टोपी आणखी खाली ओढली. पांढरी दाढी, सुटलेलं अंग, बोलण्याला ब्यूनोस आयर्सचं वळण. ओळखणं शक्यच नव्हतं. तरी पाय जागेवर ठरेनात.

बोटीत आणखी दोघंच होती, तोरिनो शहरातलं नवं जोडपं.

"तो बुरूज चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला," असुंता सांगत होती. "आता हॉटेल झालंय. तिथून सासू जावयावर नजर ठेवते."

मुलगी खळखळून हसली. "आणि पोहायचं कुठे, मावशी?"

"पुढच्या गुहेत. पाणी इतकं निळं, की बाहेर आल्यावर नवरा फिका दिसतो."

कातेल्लोला हसू आलं नाही. जीभ तीच होती. याच किनाऱ्यावर तिला टाकून तो गेला होता. वादळात त्याची लाल पट्ट्याची निळी बोट उलटली, एका परक्या मालवाहू जहाजाने दोर टाकून त्याला वर घेतलं. पुढल्या बंदरातून घरी निरोप धाडता आला असता. त्याने धाडला नाही. रिकामी बोट काठाला लागली, गावाने त्याला बुडालेला धरलं, आणि त्याने धरू दिलं.

आता आयुष्य उतरणीला लागल्यावर तिची माफी मागितल्याशिवाय त्याचा डोळा लागत नव्हता. पण सांगायचं कसं? मेलेला नवरा समोर उभा राहिला तर बाईचं काळीज जागीच थांबायचं.

गुहेत जोडपं मनसोक्त डुंबलं. असुंताने लिंबाच्या जाड फोडी कापल्या. त्या दोघांना साखर लावून दिल्या, त्याला मीठ लावून. त्याने खाली मान घालून खाल्ल्या. डोळ्यांतलं पाणी लिंबावर ढकलता आलं.

"तुमचे यजमान काय करतात?" मुलीने विचारलं.

"समुद्राने नेलं त्याला."

"अगं बाई! मग पुन्हा लग्न नाही केलंत?"

"कसं करणार? लग्न झालेलं आहे माझं."

मुलगी पुन्हा हसली. कातेल्लो टोपीच्या कडेशी चाळा करत राहिला. शेवटचा थांबा देवमातेच्या चर्चचा होता. तिथेच सांगायचं, त्याने ठरवलं. देवमातेसमोर ती सावरेल.

धक्क्यावर असुंताने डोक्यावर रुमाल घेतला. "आतल्या भिंती पाट्यांनी भरल्यात. समुद्रातून कुणी जिवंत सुटला, की घरचे वादळाचं चित्र रंगवून घेतात आणि नवस फेडायला इथे टांगतात. बुडालेल्यांची नावं बाहेर, त्या दगडावर."

जोडपं आत गेलं. कातेल्लो दगडापाशी थांबला. स्वतःचं नाव शोधत त्याने ओळीओळीवरून बोट फिरवलं. वरून खाली पाहिलं, पुन्हा खालून वर. नाव नव्हतं. इतका राग? मेल्यावरही दगडावर जागा दिली नाही हिने?

तो तडक आत आला. असुंता मेणबत्ती लावत होती.

"बाहेर एक नाव राहून गेलंय," तो चाचरत म्हणाला. "कातेल्लो म्हणून कुणी होता..."

"बाहेर कसं असेल?" मागे न पाहताच ती म्हणाली. "वर बघा. कोपऱ्यात."

एक छोटी पाटी, धुराने काळवंडलेली. उसळलेल्या लाटा. उलटलेली निळी बोट, लाल पट्ट्याची. शेजारी मोठं जहाज, आणि त्याच्या दोराला लोंबकळणारा एक माणूस. काठावरच्या कड्यावर हे सगळं पाहत उभी असलेली एक बाई. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नवरा वाचला. असुंता.'

साल त्या वादळाचंच होतं.